काकांचं काडतूस

"आमचं काय, तिकीट काढून ठेवलंय. गाडी लेट आहे एवढंच."

हे वाक्य हेर्लेकर काका दिवसातून किमान तीनदा म्हणायचे. चहा फिका झाला तरी म्हणायचे आणि फक्कड झाला तरी म्हणायचे. बिन्स बाहेर ओढताना, कौन्सिलच्या नावाने खडे फोडताना, समोरच्या बाईला गुड मॉर्निंग करून झाल्यावर स्वतःशीच. मी नवीनच इंग्लंडात मेडनहेडला आले होते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि घाईघाईने म्हणाले, "असं काय बोलता काका, शंभर वर्षं जगाल!" काका खूश झाले. पुढे लक्षात आलं की माझं हे वाक्य म्हणजे त्यांच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आहे. नमस्काराला नमस्कार करावा तसं ते करायचं असतं. माझे नागपूरचे आजोबाही हेच म्हणायचे, फक्त त्यांच्याकडे तिकिटाऐवजी 'सामान बांधून ठेवलंय' असायचं. ते बांधलेलं सामान उशाशी घेऊन पुढे चौदा वर्षं जगले आणि रोज दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

मधुकर हेर्लेकर मूळचे मिरजेचे. जवळच स्लावमध्ये मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. काम काय, तर 'बरोबर' म्हणजे नेमकं किती बरोबर हे ठरवणं. कारखाना सुटला तरी काम काही सुटलं नाही. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये लाटण्याशेजारी व्हर्निअर कॅलिपर असायचा. दिवाळीत मी शंकरपाळे घेऊन गेले, तर त्यांनी दोन उचलले, कॅलिपरमध्ये धरले आणि गंभीरपणे म्हणाले, "नागपूर, पॉइंट चारचा फरक आहे. हा कच्चा राहणार, हा करपणार." मला ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. शंकरपाळा खरंच कच्चा निघाला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आणि काका रायफल चालवायचे. हे कळल्यावर आमच्या मराठी मंडळातले लोक आधी हसत, मग जरा लांब सरकत. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल हातात आली, तेवढीच सुरुवात. इथे आल्यावर कारखान्यातल्या ग्रॅहमने क्लबला नेलं आणि मिरजेचा मुलगा हजार यार्डांवरच्या कागदी निशाणाच्या प्रेमात पडला. ग्रॅहम पुढे क्लबचा सेक्रेटरी झाला. काका कमिटीवर कधीच गेले नाहीत, पण कुणाला नवी रायफल घ्यायची झाली की तो फॉर्म भरण्याआधी काकांकडे यायचा. रायफल नंतर, आधी काडतूस ठरवायचं, हा त्यांचा नियम. "लोक आधी घोडा घेतात आणि मग कुठं जायचं ते विचारतात," म्हणायचे.

किचनच्या खिडकीत तुळशीच्या कुंडीशेजारी तीन काडतुसं उभी असायची. खोटी. आत दारू नाही, नुसतं पितळी नळकांडं आणि वर बसवलेली गोळी, समजावून सांगण्यापुरती. मलाही त्यांनी ती समजावली, मी विचारलं नसताना.

"हे थ्री-ओ-एट. मामलेदार कचेरीतला जुना हेडक्लार्क. सगळी कामं करतो, पण आरडाओरडा करून. खांदा मोडतो. हे टू-फोर-थ्री. त्याच नळकांड्याची मान आवळलीय, गोळी हलकी. खांद्याला कळतसुद्धा नाही. पण लांब गेली की वारं तिला कुठं नेईल सांगता येत नाही. आणि हे सहा पॉइंट पाच." इथे त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "लांबट बघ. कोकणातल्या पोरासारखं, सडपातळ आणि हट्टी. वाऱ्याला जुमानत नाही, धक्का पण कमी."

"मग सगळे हेच का नाही घेत?"

"नळी लवकर झिजते. फुकट काय मिळतं का कुठं?"

मी एकदाच त्यांच्याबरोबर रेंजवर गेले होते, त्यांचं कौतुक करायला म्हणून. सगळे पोटावर आडवे, पुढे हिरवं मैदान, आणि हजार यार्डांवर पोस्टाच्या तिकिटाएवढं काहीतरी पांढरं. काकांनी दुर्बिणीच्या तिपाईला एक पट्टी बांधली होती, काकूंच्या जुन्या पिवळ्या साडीची. क्लबचे मोठमोठे झेंडे होते, पण वाऱ्याच्या बाबतीत काकांचा विश्वास त्या पट्टीवर. तशीच एक घरी कपडे वाळत घालायच्या दोरीवर असायची. सकाळी उठून ती बघायचे आणि मग दात घासायचे.

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलेलं मी विसरले नाही. गोळी हजार यार्डांवर पोचायला दीड सेकंद लागतो. "या दीड सेकंदात आपण काय करू शकतो? काही नाही. नुसतं बघत बसायचं. सुटलेल्या गोळीला हाक मारता येत नाही. जे काय करायचं ते आधी करून ठेवायचं." म्हणून ते एवढे दिवस काडतुसात घालवायचे. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आता नुसता राग येतो.

काका हरणंही मारायचे, हे मात्र मंडळात मी कुणाला सांगितलं नाही. गावाबाहेर एका शेतकऱ्याचं जंगल होतं. तिथे हरणं वाढली की नवीन झाडं जगत नाहीत, त्यामुळे मोसमात दोन-चार कमी करावी लागत. काका स्वतः सोमवार-गुरुवार सोडून मांस खायचे, पण हरणाचं कधीच नाही. त्याचं कारण काकूंनी मला सांगितलं.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. काकांकडे तेव्हा टू-फोर-थ्री होती. पहाटे रो जातीचा एक नर दिसला, पण लांब, आणि वारं आडवं. त्यांनी गोळी झाडली. गोळी छातीऐवजी पोटात लागली आणि हरीण पळालं. काका शेतकऱ्याचं कुत्रं घेऊन त्याच्या मागे निघाले ते दुपारपर्यंत चालत राहिले. सापडलं तेव्हा ते एका खड्ड्यात बसलं होतं आणि त्यांच्याकडे बघत होतं. जवळून संपवलं. घरी येऊन त्यांनी सगळं काकूंना सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, वारं तुम्हाला कळलं नव्हतं, की कळूनही मारलीत?"

 काकूंनी परत विचारलं नाही. पुढच्या महिन्यात काकांनी टू-फोर-थ्री विकली, थ्री-ओ-एट घेतली, आणि एक वाक्य तयार केलं जे क्लबमधल्या नवशिक्यांना ते इंग्रजीत ऐकवायचे आणि मला मराठीत. "कागदाला हजार, जिवाला दीडशे. कागदाची माफी मागावी लागत नाही."

काकू गेल्या तेव्हा मला मेडनहेडला येऊन तीन वर्षं झाली होती. आजारपण लांबलं नाही. काकांची मुलगी मेघना लीड्सहून आली, दोन महिने राहिली, परत गेली. मी रोज संध्याकाळी कामावरून येताना डोकावायचे. त्याच सुमारास काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि सर्जनने सांगितलं की थ्री-ओ-एटचा धक्का आता बस्स. कुणी दुसरा असता तर छंदच सोडला असता. काकांनी काडतूस निवडायला घेतलं.

आठ महिने! आठ महिने ते तीन काडतुसं घेऊन बसले. टू-फोर-थ्रीकडे परत जायचं नव्हतं, ते हरीण आडवं येत होतं. थ्री-ओ-एट खांदा मोडणार. सहा पॉइंट पाच सगळ्या बाजूंनी बरं, पण वीस वर्षांची सवय सोडायची. वहीत तक्ते, वाऱ्याचे, उंचीचे, गोळीच्या वजनाचे. मला फोन करून विचारायचे, "नागपूर, कॉम्प्युटरवर हे जरा लावून बघ गं." मी ऑफिसात स्प्रेडशीट करून द्यायचे आणि माझ्या मॅनेजरला वाटायचं मी बजेट करतेय. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण एक कळत होतं. रिकाम्या घरात हा माणूस सकाळी कशासाठी तरी उठतोय. शेवटी एका रविवारी फोन आला. "ठरलं. सहा पॉइंट पाच." मुलीचं लग्न ठरल्यासारखा आवाज. मी पेढे नेले.

इथे बंदुकीपेक्षा कागद मोठा. कोणतं काडतूस ते लायसन्सवर लिहिलेलं असतं. एक रायफल देऊन दुसरी घ्यायची तरी आधी पोलिसांना विचारायचं. काकांचं लायसन्स नेमकं त्याच वेळी रिन्यूही व्हायचं होतं, म्हणून दोन्ही अर्ज एकदम गेले. त्यासाठी ओळखीच्या दोन माणसांची नावं द्यावी लागतात. एक ग्रॅहमचं दिलं. दुसरं माझं.

मग घर बघायला पोलीस खात्याकडून एक बाई यायच्या होत्या. काका म्हणाले, "तू ये गं. घरात बाईमाणूस असलं की बरं दिसतं. आणि चहा तू कर, माझा बघून ती लायसन्स देणार नाही."

ती तिशीतली, हसतमुख मुलगी होती. भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट तिने हलवून पाहिलं. किल्ली कुठे असते ते विचारलं, आणि काका मला ऐकू येणार नाही अशा आवाजात बोलले, कारण ती जागा काकूंनासुद्धा कधी ठाऊक नव्हती, नियमच तसा. मग टेबलाशी बसून काकांनी तिच्यापुढे तीन काडतुसं मांडली. पूर्ण व्याख्यान झालं. तिला विषय कळत होता. तिने विचारलं, "सहा पॉइंट पाचची नळी लवकर झिजते ना पण, मिस्टर हेर्लेकर?"

काका रंगात आले होते. म्हणाले, "माय डिअर, इट ओन्ली हॅज टु आउटलास्ट मी. माय टिकेट इज बुक्ड. द ट्रेन इज लेट, दॅट इज ऑल."

"टिकेट टू व्हेअर?"

काकांनी छताकडे बोट दाखवलं. मी आतून, आलं किसता किसता, खळखळून हसले. तीही हसली. मग तिने काहीतरी लिहिलं आणि हळू आवाजात विचारलं, मिसेस हेर्लेकर गेल्यापासून तुम्ही कसे आहात?

आता सांगा, यावर काकांनी काय म्हणायला हवं होतं? बायको गेलेल्या माणसाने 'मी अगदी छान आहे' म्हणणं आमच्याकडे निर्लज्जपणा. त्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे आणि काकांनी ते दिलं, फक्त इंग्रजीत. "व्हॉट इज लेफ्ट नाऊ? आय ॲम काउंटिंग द डेज." आणि लगेच तिच्यापुढे बिस्किटं सरकवली.

तिसऱ्या दिवशी लंचच्या वेळी मला तिचा फोन आला. औपचारिक प्रश्न झाले. मग, "ते अशा प्रकारचं बोलतात का अधूनमधून? मरणाबद्दल?"

मला वाटलं, हिला समजावून सांगावं. मी नागपूरची, कमी बोलणं मला जमतच नाही. मी हसत म्हणाले, "ओह, ऑल द टाइम!"

"ऑल द टाइम?"

"एव्हरी डे! थ्री टाइम्स अ डे!" आणि वर माझ्या आजोबांची, सामानाची आणि श्रीखंडाची गोष्टही सांगितली. मला खरोखर वाटलं की जितकं जास्त सांगेन तितकं ते किरकोळ ठरेल. तिने फार प्रेमाने आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन अधिकारी आले आणि थ्री-ओ-एट, तिची काडतुसं, सगळं घेऊन गेले. तात्पुरतं, असं म्हणाले. काकांनी त्यांना चहा विचारला. मी संध्याकाळी गेले तर कपाटाचं दार सताड उघडं, आणि ती किल्ली, जिची जागा बायकोलाही माहीत नव्हती, भिंतीवर मराठी कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली.

चार महिने डॉक्टरांची पत्रं, प्रश्न, उत्तरं चालली. काकू गेल्यावर घेतलेल्या झोपेच्या गोळ्या निघाल्या. त्या काकांनी स्वतःच फॉर्मवर लिहिल्या होत्या, 'बरोबर' म्हणजे बरोबर. मग पत्र आलं. लायसन्स रद्द, नवीन काडतुसाचा अर्ज नामंजूर. काकांनी ते मला वाचायला दिलं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, अर्जदार अशी विधानं दररोज करतात याला त्यांच्या परिचित व्यक्तीने दुजोरा दिला आहे.

"तुझं नाव नाही घातलं हां," काका म्हणाले. "सभ्य लोक आहेत."

मला रडू आलं. ते गडबडले आणि चहा करायला उठले, आणि तो नेहमीसारखा भयंकर झाला होता.

मेघनाचा फोन आला. ती इथेच जन्मलेली. तिचं मराठी रागात आणखी अडखळतं. "रश्मी, तू का सांगितला त्यांना? बाबाचा सगळा लाइफ त्या रेंजवर आहे!"

"अगं, मी सांगितलं की हे आपलं असंच बोलणं असतं..."

"आय नो! मला माहितीये! आई पण असाच बोलायचा! पण तू येस का म्हटला? जस्ट नो म्हणायचा ना!"

तिला काय सांगणार? पोलिसांनी विचारल्यावर खोटं बोलायचं होतं का? आणि त्या मुलीचं तरी काय चुकलं? तिच्या जागी मी असते आणि एकटा राहणारा, नुकतीच बायको गेलेला, घरात रायफल असलेला माणूस छताकडे बोट दाखवून हसला असता, तर मी काय लिहिलं असतं? मी हे सगळं उलटसुलट करून पाहिलं आहे. कुणाला शिव्या द्याव्यात ते सापडत नाही.

कोर्टात अपील करता येत होतं. ग्रॅहम मागे लागला होता, त्याने वकीलही शोधला. काका नाही म्हणाले. मी भांडले तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

"कोर्टात तुला उभी करतील. काय सांगशील? मी म्हणत नव्हतो म्हणून?"

"म्हणत होते, पण मनातून तसं नव्हतं, असं सांगेन."

"तसं नव्हतं हे तुला कसं माहीत?"

 खिडकीत तीन काडतुसं उभी होती. काकूंनी कधीकाळी तो हरणाचा प्रश्न याच टेबलाशी विचारला होता, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा मी नुसती कपाकडे बघत बसले.

त्यानंतर काकांनी ते वाक्य सोडलं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. चहा प्यायचे, कप धुवायचे, "बरं, ये मग," म्हणायचे. संभाषणाच्या शेवटी एक मोकळी जागा राहायची आणि मी माझं 'शंभर वर्षं' घेऊन तिथे उभी राहायचे. एकदा शनिवारी सकाळी ते बागेत दोरीवर नवीन पिवळी पट्टी बांधत होते, जुनी विरली होती म्हणून. रायफल नव्हती तरी वारं बघायचं थांबलं नव्हतं. मी क्लिपा धरून उभी होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक गंमत सांगू? तोंडातून निघून जात होतं तोवर ठीक होतं बघ. तेव्हा तसं काही वाटत नव्हतं. आता बाहेर पडत नाही, तर आतच फिरतं. खरं वाटायला लागलंय."

 "डॉक्टरना सांगितलंत?"

"म्हणजे ते पण लिहून ठेवतील."

"मग मला सांगा ना, काका. रोज सांगा. तीनदा सांगा."

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. आवाजात राग अजिबात नव्हता.

"तुला नको गं. तू सांगतेस."

 राग असता तर मी पाया पडले असते, भांडले असते. हे नुसतं वाऱ्याचं माप सांगितल्यासारखं होतं.

पंधरा दिवसांनी ग्रॅहमचा निरोप आला. काकांनी ठरवलेल्या काडतुसाची रायफल शेवटी ग्रॅहमनेच घेतली होती, काकांच्या वहीतल्या तक्त्यावरून, सहा पॉइंट पाच. पहिल्या दिवशी निशाण मार्क करायला मधूच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. मार्किंगला लायसन्स लागत नाही. हजार यार्डांवर, निशाणांच्या खाली एक भिंतीआडचा खोल खंदक असतो. तिथे उभं राहायचं. गोळी डोक्यावरून जाते. मग निशाण खाली ओढायचं, भोकात पांढरी चकती लावायची आणि परत वर ढकलायचं, म्हणजे मारणाऱ्याला लांबून कळतं कुठे लागली ते.

मीच गाडीने घेऊन गेले. काकांनी मला दुर्बीण लावून दिली, तिपाईची पट्टी सरळ केली आणि ग्रॅहमच्या मुलाबरोबर जीपमध्ये बसून खाली गेले. जाताना पाठमोरे दिसले. गळ्यात मफलर, हातात चहाचा थर्मास. पिकनिकला निघालेल्या मास्तरांसारखे.

ग्रॅहम आडवा झाला. पहिली गोळी. निशाण खाली गेलं, दहा-बारा सेकंदांत वर आलं, चकती जरा डावीकडे. दुसरी. तिसरी. दर वेळी निशाण खाली, वर. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. काका दिसत नव्हते, पण त्यांचे हात दिसल्यासारखे वाटत होते. ग्रॅहम पुटपुटत होता, "गुड ओल्ड मधू, गुड ओल्ड मधू."

अकराव्या गोळीनंतर निशाण खाली गेलं आणि वर आलं नाही.

शेजारची निशाणं वर होती. आमच्या जागी नुसतं आकाश. ग्रॅहम शांत होता. "भोकं बुजवत असेल," म्हणाला. खाली काकांबरोबर आणखी दोघं-तिघं असतात हे मला ठाऊक होतं. तो खंदक सुरक्षित असतो हेही ठाऊक होतं. पण त्या खंदकाला चार पायऱ्या असतात आणि त्या चढलं की माणूस गोळ्यांच्या वाटेत येतो, तेही आता मला माहीत झालं होतं. मी काय करू शकत होते? हजार यार्ड धावत जाऊ? ओरडू? माझा हात पिवळ्या पट्टीवर होता आणि मी ती मुठीत आवळून धरली होती. ग्रॅहमने वॉकीटॉकी उचलली आणि विचारलं, सात नंबर, काय झालं? नुसती खरखर आली.

मग निशाण वर आलं. चकती बरोबर काळ्या वर्तुळाच्या मधोमध.

जीपमधून परत आले तेव्हा काका म्हणाले, "चकती हातातून निसटली. खाली पांढरी खडी, पांढरी चकती. सापडेना." आणि ग्रॅहमच्या पाठीवर थाप मारून, "बघ, मी म्हटलं नव्हतं? वाऱ्याला जुमानत नाही!" चेहरा किती दिवसांनी फुलला होता. 

त्या दिवशी घरी आल्याबरोबर मी मेघनाला फोन केला आणि काका बागेत जे बोलले होते ते सगळं सांगितलं. पुन्हा सांगितलं. या वेळी ती रागावली नाही. म्हणाली, "थँक यू, रश्मी. मी येते." आली, डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली, आणि काकांनी लीड्सला तिच्याकडे राहायचं असं ठरलं. काकांनी सगळ्याला मान डोलावली. सामान बांधताना त्यांनी प्रत्येक खोका मोजपट्टीने मोजला. कुणी सांगितलं हे त्यांनी मला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी मी उभी होते. काकांनी खिडकीतलं ते लांबट काडतूस माझ्या हातावर ठेवलं. "ठेव. याला लायसन्स लागत नाही. आत काही नाही याच्यात." मग गाडीत बसले, बेल्ट लावला, ओढून पाहिला. मेघनाने गाडी सुरू केली. काकांनी काच खाली केली, दोरीवरच्या पट्टीकडे एकदा बघून घेतलं, आणि सवयीने म्हणाले, "चला, नागपूर. आमचं काय..."

आणि थांबले.

माझं उत्तर ओठांवर तयार होतं. शंभर वर्षं, काका. शंभर काय, दोनशे. त्यांनी फक्त ते तिकीट म्हणावं, ती गाडी लेट आहे म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी खिडकीला धरून वाट बघत राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मेघनाकडे पाहिलं, आणि हसून काच वर केली. मेघनाने इंडिकेटर दिला आणि गाडी कोपऱ्यावर वळली.